कडू वाण

जुनी गावठी वाणं जपणाऱ्या परसबीज परिवारात प्रवेश घ्यायचा तर स्वतःच्या घरचं एक बी आणायचं आणि सगळ्यांसमोर उभं राहून त्याची गोष्ट सांगायची, अशी अट होती.

तृप्ती रेडेकरनं आदल्या दिवशी आजऱ्याच्या बाजारातून भेंडीचं एक पाकीट विकत आणलं. बियांवरचं गुलाबी औषध नळाखाली चोळून धुतलं, बी उन्हात सुकवलं आणि जुन्या सुती साडीच्या चिंधीत बांधलं. रविवारी सभेत ती चिंधी हातात धरून तिनं सांगितलं, की तिच्या पणजीनं महापुरात घर सोडताना दागिने मागे ठेवले आणि हे बी तेवढं पदराला बांधून नेलं.

पुण्याहून येऊन हत्तीवडे रस्त्याला मातीचं घर बांधून राहिलेल्या ईशानीनं डोळे पुसले. अध्यक्ष जयवंतराव हत्तरकी यांनी दोन दाणे तळहातावर घेतले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "तेज आहे या बियात. बाजारच्या बियात हे तेज येत नाही."

तृप्ती नम्रपणे खाली बसली. कोल्हापूरच्या बीज परीक्षण प्रयोगशाळेत तिनं उभा जन्म काढला होता. पेरणीचं बी उगवेल की नाही, शुद्ध आहे की भेसळीचं, हे सांगणं तिचं काम. पुढे ते काम यंत्रं करू लागली, प्रयोगशाळा बंद झाली आणि ती मस्कतला असलेल्या भावाचं रिकामं घर सांभाळायला आजऱ्यात आली. एकटी होती, जिभेची तिखट होती आणि करायला काही नव्हतं. या लोकांची परीक्षा घ्यावी म्हणून तिनं ती गोष्ट रचली होती. पहिल्याच दिवशी सगळे नापास झाले.

तरी ती दर रविवारी जात राहिली. त्याचं कारण रेश्मा गुरव.

रेश्मा शेजारी राहायची. नवरा संदीप इलेक्ट्रिक एसटीवर चालक. परसात दुधी, दोडका, घेवडा, अळू. ही बाई कुणाच्या घरी रिकाम्या हातानं गेली नाही. बारशाला गेली तर बाळंतिणीच्या हातात शेपूचं बी, हळदीकुंकवाला गेली तर वाण म्हणून दुधीचं बी. तृप्ती राहायला आली त्या दिवशी कुंपणावरून तिनं दुधीच दिला होता. "चिरायच्या आधी फोड चाखून बघा हं ताई. माझा कडू निघत नाही, पण सवय असावी." तृप्तीला जगात फार थोडी माणसं सहन व्हायची. रेश्मा त्यातली एक होती.

बाकीच्यांबद्दल तिचं मत पहिल्या महिन्यातच ठरलं. ही माणसं मातीला 'माय' म्हणायची आणि हात घातला की साबणानं खसाखसा धुवायची. सभागृहात दुधीच्या फुलावर बसलेल्या मधमाशीचं मोठं चित्र लावलेलं होतं. दुधीचं पांढरं फूल दिवे लागायच्या वेळी उमलतं, त्यावर पतंग येतात, मधमाश्या तोवर पोळ्यात गेलेल्या असतात. सगळे दुधी लावणारे होते. चित्राखाली बसून त्यांच्यातल्या एकालाही हे कधी खटकलं नव्हतं.

हत्तरकींचा तर तिला मनापासून तिटकारा होता. साखर कारखान्यातला मोठा अधिकारी म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ बीजसंवर्धनावर तासभर बोलायचा, पण आजवर त्यानं कुणाला एक दाणा दिला नव्हता. घरामागे बारीक जाळीचं शेड होतं, त्याला कुलूप. आत त्याच्या आईच्या वेळचा दुधी. कुणी मागितलं, की तो म्हणायचा, "बी ही वाटायची वस्तू नाही. व्रत आहे ते." लोक माना डोलवायचे. शुद्ध कंजूषपणाला व्रत म्हणून हात जोडणारी माणसं तृप्तीनं आधी पाहिली नव्हती.

आता धावत्या जनुकाबद्दल सांगायला हवं.

काही वर्षांपूर्वी दुधी, काकडी, दोडक्यावर मोझॅकचा विषाणू आला. पानं पिवळी पडून आकसायची, फळ धरायचं नाही. फवारण्या हरल्या. तेव्हा एका संशोधन संस्थेनं विषाणूला दाद न देणारं जनुक तयार केलं आणि ते दुधीत घातलं. त्यात एक खुबी होती. एरवी आईकडचं किंवा बापाकडचं एखादं जनुक निम्म्याच पिलावळीत उतरतं. या जनुकाबरोबर एक कात्री जोडलेली होती. बीज धरलं, की ती कात्री समोरच्या जोडीदार गुणसूत्रावर ठरलेली जागा शोधायची, तिथं काप द्यायची, आणि पेशी तो काप सांधताना त्याच जनुकाची नक्कल तिथं बसवायची. म्हणजे निम्म्यात नाही, जवळजवळ सगळ्याच बियांत ते जायचं. पुढच्या पिढीत पुन्हा तेच. शेतकऱ्यानं काही विकत घ्यायला नको, फवारायला नको. पतंगाच्या पायाला लागलेलं परागकण हेच त्याचं वाहन. लोकांनी त्याला नाव दिलं, धावतं जनुक. ते धावलं आणि विषाणू गेला. हेही खरंच.

परसबीज परिवाराचा मात्र दावा होता, की ते आपल्या खोऱ्यात आलेलंच नाही. "डोंगर आहेत ना मध्ये," ईशानी म्हणाली. "शिवाय आपल्या बियांना आपली अशी जाण असते. ती परकं काही आत घेत नाहीत."

"तपासून बघू या की," तृप्ती म्हणाली. "प्रयोगशाळेतल्या पट्ट्या आहेत माझ्याकडे. पान चुरडायचं, औषधात टाकायचं, पट्टी बुडवायची. एक रेघ म्हणजे वेल जुना आहे तसा. दोन रेघा म्हणजे जनुक आलं."

नाही म्हणणं कुणाला शक्य नव्हतं. पुढच्या रविवारी सगळे पानं घेऊन आले, देवळात प्रसादाला आल्यासारखे. एकटे हत्तरकी हात हलवत आले. "वेलीला मी विनाकारण इजा करत नाही," म्हणाले.

तृप्तीनं टेबलावर बाटल्या मांडल्या आणि एकेकाचं नाव घेऊन निकाल सांगायला सुरुवात केली. ईशानीचा दुधी, दोन रेघा. पोस्टमास्तरांचा, दोन रेघा. ज्यांच्या घरच्या वाणाची गोष्ट ऐकून गेल्या वर्षी टाळ्या पडल्या होत्या त्यांचा, दोन रेघा. प्रत्येक निकालाला ती आवाज जरा चढवत होती. लोकांचे चेहरे उतरताना पाहून तिला जे सुख होत होतं, ते लपवायचाही ती प्रयत्न करत नव्हती.

शेवटी रेश्माचं पान आलं. ओल्या फडक्यात गुंडाळून, सुकू नये म्हणून हातातल्या हातात जपत तिनं ते आणलं होतं. ती टेबलाशी उभी राहिली. "आमच्या सासूबाईंच्या हातचा वेल आहे हो ताई," ती हळूच म्हणाली.

पट्टीवर पहिली रेघ उमटली. मग दुसरी, गडद.

तृप्तीनं पट्टी पालथी केली. "एकच," ती म्हणाली. "रेश्माचा दुधी स्वच्छ आहे."

विचार करून ती बोलली नव्हती. हे जनुक निरुपद्रवी आहे अशी तिची खात्री होती. बाकीच्यांचा पोकळ अभिमान फुटला तर बिघडत नव्हतं, पण रेश्माचा चेहरा तसा उतरलेला तिला पाहायचा नव्हता. एवढंच.

रेश्माभोवती गर्दी झाली. सगळ्यांना तिचं बी हवं होतं. त्या हंगामात लोकांनी आपापले वेल उपटून टाकले आणि रेश्माचा दुधी लावला. आजऱ्यात, उत्तूरला, पार गारगोटीपर्यंत तिचं बी गेलं. रेश्मा रोज कुणासाठी तरी पुड्या बांधत बसलेली असायची. तृप्ती कुंपणाआडून बघायची आणि मनात हसायची. जे जनुक नको म्हणून हे लोक रडत होते, तेच आता आरती ओवाळून घरात नेत होते. यांना फसवण्यात पापसुद्धा लागू नये, असं तिला वाटायचं.

दिवाळीनंतर नवे वेल फळाला आले.

संदीपला साखरेचा त्रास होता, म्हणून तो रोज सकाळी दुधीचा रस प्यायचा. एका सकाळी रस कडू लागला. रेश्मा पहाटेच उत्तूरला कुणाच्या घरी वेल लावून द्यायला गेली होती. संदीपनं परिवाराच्या ग्रुपवर विचारलं, 'रस लई कडू लागतोय. प्यावा का?' ईशानीचं उत्तर लगेच आलं. 'कडू तेच औषध असतं, दादा. साखरेवर तर उत्तमच. नाक दाबून प्या.' त्याखाली कितीतरी जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. संदीपनं पेलाभर रस संपवला.

अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या. मग उलटीत रक्त आलं. शेजारच्या घरातून आवाज ऐकून तृप्ती धावली. तो मोरीत भिंतीला टेकून बसला होता, अंगाला दरदरून घाम. तिनं रुग्णवाहिका बोलावली. ती येईपर्यंत स्वयंपाकघरात जाऊन उरलेल्या दुधीची फोड जिभेच्या टोकाला लावली आणि थुंकली. चूळ भरली, पुन्हा भरली, तरी कडूपणा जाईना.

दुधीच्या रानटी पूर्वजात कुकुर्बिटॅसिन नावाचं कडू विष असतं. माणसानं हजारो वर्षं गोड फळांचं बी राखत राखत ते विष तयार करणारं बटण बंद केलं. गावठी जुन्या वाणांत त्या बटणापाशी काही अक्षरं अशी होती, की कात्रीला ती आपल्या ठरलेल्या जागेसारखी दिसली. पहिल्या पिढीत नाही, दुसरीत नाही, पण कधीतरी कात्रीनं तिथंही काप दिला आणि बटण पुन्हा चालू झालं. वेल तसाच, फळ तसंच, रंगही तोच. फोड चाखल्याशिवाय कळायला मार्ग नाही. तृप्तीनं दवाखान्याच्या बाकावर बसून संस्थेची सगळी टिपणं वाचली. दुसऱ्या दोन जिल्ह्यांतूनही तशाच बातम्या येऊ लागल्या होत्या. आजऱ्याच्या खोऱ्यात मात्र ते सगळीकडे एकदम उगवलं होतं, कारण सगळीकडे एकच वाण लावलं गेलं होतं.

रेश्मा गडहिंग्लजच्या दवाखान्यात पोचली, तेव्हा संदीपला अतिदक्षता विभागात नेलं होतं. ती तृप्तीच्या शेजारी बसली. "असं कसं झालं ओ ताई? आमचा वेल तर स्वच्छ होता ना? तुम्हीच बघितला होता."

तृप्ती दुसरं काही सांगू शकली असती. हवा बदलली, पाणी कमी पडलं, पाण्याच्या ताणानंही दुधी कडू होतो. रेश्मानं ते मानलं असतं.

"दोन रेघा होत्या," ती म्हणाली.

"काय?"

"तुझ्या पट्टीवर दोन रेघा होत्या. मी खोटं सांगितलं."

"का?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"मला वाईट वाटलं असतं?" रेश्माचा आवाज चढला नाही. "म्हणून तू माझ्या हातनं सगळ्या तालुक्याला विष वाटायला लावलंस? त्या सगळ्यांना खरं सांगितलंस. त्यांना तोंडावर सांगण्याइतकी तरी किंमत दिलीस. मला काय समजलीस, कुक्कुलं बाळ?"

पहिल्यांदाच तिनं तृप्तीला 'ताई' म्हटलं नव्हतं. नर्सनं हाक मारली तशी ती उठून आत गेली.

संदीप वाचला. मात्र पोटाचं दुखणं कायमचं मागे लागलं आणि त्याला एसटीचं स्टिअरिंग सोडून डेपोत बसायची नोकरी घ्यावी लागली.

रविवारच्या सभेत तृप्ती उभी राहिली आणि पट्टीची गोष्ट जशी घडली तशी सांगितली. खोऱ्यातले सगळे दुधी आजच्या आज उपटून जाळायचे, असंही सांगितलं. मग सगळे एकदम बोलू लागले. पोस्टमास्तर म्हणाले, हिला परिवारातून काढा. कुणीतरी म्हणालं, पहिल्या दिवसापासून ही बाई मनात भरली नव्हती. ईशानी कोपऱ्यात बसून रडत होती. आपण संदीपला काय लिहिलं होतं हे ती ज्याला त्याला सांगत होती, आणि सांगताना प्रत्येक वेळी म्हणत होती, की माझा हेतू शुद्ध होता. तृप्तीला तिची किळस आली. हेतू तर आपलाही शुद्धच होता, हे लक्षात आल्यावर स्वतःचीही आली.

वेल उपटले गेले. त्याच महिन्यात सरकारचा हुकूम निघाला. पट्टीवर दोन रेघा येतील तो दुधी पेरायला आणि विकायला बंदी. दुकानांतली पाकिटं परत गेली, कारण धावतं जनुक कंपन्यांच्या शेतांतही कधीच पोचलं होतं. मंडईत दुधी दिसेनासा झाला. एक रेघ दाखवणारा दुधी कुठं असेल, तर तो अशाच कुणाच्या तरी बंद दाराआड, जिथं वाऱ्याला, पतंगाला आणि शेजाऱ्याला मज्जाव होता.

तृप्ती हत्तरकींच्या दारात गेली.

ते शेडमध्येच होते. सुकलेला दुधी कानाशी धरून आतलं बी खुळखुळवून बघत होते. "संदीपचं कळलं," ते म्हणाले. "वाईट झालं." आणि पुन्हा दुधी हलवून बघू लागले.

"पान द्या."

या वेळी त्यांनी दिलं. स्वतःच्या नखानं अलगद खुडून. पट्टीवर एक रेघ आली. तृप्तीनं बराच वेळ वाट पाहिली. एकच.

"मला ठाऊक होतं," हत्तरकी म्हणाले. "दर संध्याकाळी मी स्वतः फूल फुलायच्या आधी कळीला दोरा बांधतो. नराचं फूल मादीला हातानं लावतो, पुन्हा बांधतो. पाठीमागे सगळे मला हसत होते. तुम्ही तर उघड. मी तुमच्यासारखं वाटत सुटलो असतो, तर आज हे राहिलं असतं का?"

राहिलं नसतं. त्या माणसाचं म्हणणं अक्षरशः खरं होतं आणि तृप्तीला ते ऐकवत नव्हतं. रेश्माच्या सढळ हातानं विष पसरलं होतं आणि या कोत्या माणसाच्या मुठीत गोड दुधी वाचला होता. त्यानं तो कुणासाठी वाचवला नव्हता. दुसऱ्याला मिळू नये म्हणून वाचवला होता.

"बी द्या," ती म्हणाली. "घरोघरी लावू. कळ्या बांधायला मी शिकवते."

"लोक जनुकाचे वेल पुन्हा कुठून तरी आणतील."

"मी दारोदार पट्टी घेऊन फिरेन."

"आणि मला काय?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "काय पाहिजे?"

हत्तरकींनी दुधी खाली ठेवला. पहिल्यांदाच ते अडखळले. "मला मूलबाळ नाही. कारखान्यात मी होतो, हे तिथं आता कुणाला आठवत नाही. या दुधीला नाव नाही. त्याला माझं नाव द्या. नुसतं पाटीवर नको. देणाऱ्यानं नाव घेऊन द्यायचं, घेणाऱ्यानं नाव घेऊन घ्यायचं. नाव न घेता एक दाणाही या हातातून त्या हातात जाता कामा नये."

"एवढंच?"

"एवढंच."

"संदीप मरता मरता वाचला. लोक घाबरलेत. आणि तुम्ही नाव मागताय."

"तुम्हाला बी पाहिजे ना?" हत्तरकी म्हणाले.

इतके दिवस ती ज्याला नुसता कंजूष समजत होती, तो माणूस त्याहून हलका होता. आणि तिला त्याच्यासमोर मान हलवावी लागली.

पट्ट्या तृप्तीकडेच असल्यानं तिला परिवारातून काढायचं राहून गेलं. पावसाळ्याच्या तोंडाला परिवाराच्या सभेत बी वाटलं. रेश्मा येईल असं तृप्तीला वाटलं नव्हतं. ती आली. तिच्या परसातलं काही कुणी खाईना झालं होतं. शेपूसुद्धा. ती रांगेत शेवटी उभी राहिली आणि तिची पाळी आल्यावर हात पुढे केला. तृप्तीनं बी तिच्या तळहातावर ठेवलं.

"हत्तरकी दुधी," तृप्ती म्हणाली.

मागे कुणीतरी खाकरलं. हत्तरकी खुर्चीत ताठ बसून बघत होते.

"हत्तरकी दुधी," रेश्मा म्हणाली आणि मूठ मिटून निघून गेली. दवाखान्यानंतर ती तृप्तीशी बोललेले हे पहिले शब्द होते, आणि पुढं खूप दिवस तेवढेच राहिले.

त्या पावसाळ्यात खोऱ्यात एक नवीच सवय लागली. दिवे लागायच्या सुमाराला प्रत्येक परसात कुणी ना कुणी वेलीपाशी उभं राहून कळ्यांना दोरे बांधायचं. ईशानी गाठ मारताना देठच मोडायची. पोस्टमास्तर नराची कळी आणि मादीची कळी यांत घोटाळा करायचे आणि रागवायचे मात्र वेलीवर. तृप्ती पट्ट्यांची पिशवी घेऊन घरोघर फिरायची, शिकवायची, ओरडायची. आजही त्यांच्याबद्दल तिचं मत फारसं बदललेलं नाही. शहाणं त्यांच्यात कुणी नव्हतंच. पण कळ्या बांधायला शहाणपण लागत नाही, रोज यावं लागतं, आणि ते येत होते. दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी रेश्मानं कुंपणावरून विचारलं, "दोरा आहे का जास्तीचा?" तृप्तीनं रीळच देऊन टाकलं.

हत्तरकी दोन पावसाळ्यांनी गेले. त्यांच्या घरी जमलेल्यांत त्यांच्याबद्दल चांगलं सांगायला कुणापाशी फारसं काही नव्हतं. लोक दुधीबद्दलच बोलत राहिले.

अलीकडे परिवारात नवीन लोक येतात. परवा बेळगावहून बदलून आलेल्या एक शिक्षिका आल्या होत्या. तृप्तीनं बी पुढे केलं आणि नाव घेतलं.

"आणि हे हत्तरकी कोण हो?" शिक्षिकेनं विचारलं. "मोठे बीजसंवर्धक असतील ना?"

"कोता माणूस होता," तृप्ती म्हणाली. "नाव घ्या आणि बी घ्या."